यंत्रापर्यंत न पोचलेली ओळ

जेवणं आटोपून सगळे गच्चीवर आडवे झाले, तेव्हा काका म्हणाले, "ही माझ्या साडूच्या थोरल्या मुलाची गोष्ट. त्यानंच मला सांगितली.

"तो पत्रा दाबायच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहितो, सी भाषेत. गेल्या मार्चातला दुसरा शुक्रवार. संध्याकाळी मालकानं बोलावून सांगितलं, यंत्र फार वेळा अडतं, तेवढं बघ. आत हात आहे का, हे तपासणारी एक ओळ होती, तिच्यामुळे ते अडायचं. ओळीच्या वर, तो प्रोग्राम मुळात लिहिणाऱ्या जुन्या साहेबांची कमेंट, म्हणजे माणसांनी वाचायचा शेरा. 'हात काढ रे पोरा.' साहेब वारून वर्ष झालेलं. मालकापुढे याचं काही चालेना. यानं कमेंटची शेवटची खूण खाली सरकवली. तपासणीची ओळही कमेंटमध्ये गेली."

कॉम्प्युटर शिकणारी पुतणी म्हणाली, "म्हणजे ती मेलीच की. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कमेंट उचलून टाकतो, तिथे एक मोकळी जागा ठेवतो. यंत्राला तिचा पत्ताही लागत नाही."

"मग पुढचं तूच सांग," काका म्हणाले. ती हसली.

"त्या रात्रपाळीला त्याचाच मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. घरी याचा डोळा लागेना. शेवटी साडेअकराला तो उठला. म्हटलं, जुना प्रोग्राम परत भरू, मालक काय बोलायचं ते बोलू दे. कारखान्याच्या दारात पोचला. पत्रा अडकला होता. तो सोडवायला मेहुण्याचे दोन्ही हात आत. पत्रा दाबणारा वरचा ठोकळा सुटला होता.

"हा ओरडला, पण यंत्रांच्या आवाजात ऐकू जाईना. ठोकळा खाली येत होता. येत होता... आणि थांबला. बोटांच्या वर. जेमतेम वीतभर.

"यंत्राच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली. हात काढ रे पोरा."

"पण काका, ते शब्द तर कमेंटमधले!" पुतणी म्हणाली.

"मेहुण्यानं हात काढले. मग ठोकळा पडला.

"यानं यंत्रातला प्रोग्राम उतरवून घेतला, रात्रभर चाळला. ती ओळ नाही. ते शब्द नाहीत. काहीच नाही..."

काका उठून बसले.

"सकाळी ठोकळा उलटा केला. खालच्या अंगाला दोन पंजे उमटले होते. पोलादात. कणकेत उमटावेत तसे.

"खालून कुणीतरी तोलून धरल्यासारखे."