देवीच्या आधीचं पाणी

“वैनी, या घागरीत फुलपात्र कुणी बुडवलं?”

धाकट्या दिराचा, नरसिंगाचा, आवाज चढला आणि कस्तुराबाई लगबगीनं पुढे आली! नवरात्रातली अष्टमी, देवीच्या स्नानासाठी देवळात गाव खोळंबलेलं, आणि मानाच्या घागरीवरचा फडका बाजूला पडलेला... दाराआड तिची धाकटी जाऊ सिंधू उभी होती. दिवस भरत आलेली, चेहरा पांढराफटक, आणि ओठ ओले!

रेणापूरजवळच्या त्या वाडीची रीत अशी, की अष्टमीला देवीच्या अंगावर पाणी पडेपर्यंत मानाच्या घरात कुणी थेंबही तोंडात घालायचा नाही. पूर्वी एका दुष्काळात देवी तहानलेल्या म्हातारीच्या रूपानं या दारी आली, तेव्हा घरातल्या विधवा सुनेनं आपल्या वाट्याचं शेवटचं पाणी तिला पाजलं, अशी कथा सांगत. देवीनं त्या सुनेला कुंकू विचारलं नव्हतं. म्हणूनच विधवा कस्तुराबाईकडे घागरीचा मान होता. एरवी लग्नकार्यात मागे उभी राहणारी ती बाई त्या एका दिवशी साऱ्या गावाच्या पुढे चालायची!

लातूर जिल्हा झाला, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाऊस काही आला नाही! त्या उन्हात पोटातल्या जिवासकट सिंधू कासावीस झाली असणार. पण नरसिंग देवीच्या बाबतीत फार कडक. रागाच्या भरात अवघडलेल्या बायकोला माहेरी धाडायलाही तो कमी करणार नाही, हे कस्तुराबाई जाणून होती...

“मी पिले,” ती म्हणाली.

“देवीच्या आधी? वैनी, तुम्ही?”

“तहान आवरली न्हाई, बाबा.”

“मग आजपासून घागरीला हात लावू नका!”

सासूच्या माघारी ज्याला तिनं मांडीवर वाढवलं, तो दीर पाठ फिरवून गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. सिंधू रडत सांगायला निघाली, तर कस्तुराबाईनं तिला दटावलं, “आधी सुखरूप मोकळी हो!” सिंधू मोकळी झाली, गोरीगोमटी लेक झाली, मात्र बोलायचा धीर तिला होईना. कस्तुराबाई नातवंडासारखं त्या लेकराला न्हाऊमाखू घाली आणि मनोमन देवीला हात जोडी... आई, एवढं पदरात टाकलंस, माझं काय जातंय! पण ताट वाढताना नरसिंग मान वर करीत नसे.

पुढल्या अष्टमीला मान सिंधूकडे आला. वाजतगाजत ती देवळाच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथंच घागर खाली ठेवून मटकन बसली.

“माझ्याच्यानं हे व्हायचं न्हाई! गेल्या साली पाणी मी पिले व्हते... अक्कांनी माझं पाप डोक्यावर घेतलं!”

हलगी थांबली. नरसिंग गर्दीतून वाट काढत मागे उभ्या असलेल्या कस्तुराबाईपाशी आला.

“वैनी... का बोलल्या न्हाईत?”

“तिच्यावरून तुझं मन उडालं असतं, तर संसार मोडला असता. माझ्यावरून उडालं... तरी मी तुझी वैनीच ऱ्हाणार व्हते की रे!”

तो हमसून हमसून रडत तिच्या पायांवर कोसळला. तिनं त्याला उठवलं, डोळे पुसले. मग त्यानं स्वतःच्या हातानं घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली. साऱ्या गावासमोर ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आली आणि थबकली. मागे सिंधू उभी होती. कडेवर अंगावर पिणारं लेकरू, घसा सकाळपासून कोरडा.

कस्तुराबाईनं घागर उतरवली. गुरव मन्मथाच्या हातातलं फुलपात्र घेऊन ते घागरीत बुडवलं, आणि भरून सिंधूपुढे धरलं.

“अक्का, देवीच्या आधी?”

“पी, बाई. लेकुरवाळी तू. आईला समजतंय.”

सिंधूनं भेदरून नवऱ्याकडे पाहिलं.

“पी,” नरसिंग म्हणाला.

ती घटाघटा प्यायली. मगच कस्तुराबाईनं उरलेली घागर देवीच्या माथ्यावर रिती केली.