तीन बँड सोडलेला माणूस

तो चोरी करत नव्हता. उलटंच काहीतरी करत होता.

पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, जुन्या वस्तूंच्या दुकानात मंगळवारी आणि गुरुवारी मी असते. चार वर्षांच्या लेकीला सोबत घेऊन काम करायचं, तर नजर चारी दिशांना ठेवावी लागते – नेसा कुठल्या खुर्चीवर चढतेय, दार कुणी उघडं टाकलंय, कुठल्या कपाचा कान तुटलाय. त्यामुळे सीडींच्या खोक्यापाशी वाकलेला तो उंच, भिजलेला माणूस मला लगेच दिसला. मागच्या रांगेतली एक सीडी त्याने काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि अलगद सगळ्यांत पुढे लावली.

"काही शोधताय का?"

तो दचकला. "नाही... जरा नीट लावत होतो."

मी ती सीडी उचलली. मुखपृष्ठावर तोच होता. केस जास्त, दाढी नाही.

"स्वतःचीच?"

"कुणीतरी दान केलीय," तो म्हणाला. "मागे पडलेली बघवेना."

त्याचे कान लाल झाले होते. मला हसू आवरेना, आणि मग... त्यालाही.

त्याचं नाव फिन्टन. पुढच्या अल्बमची गाणी लिहायला त्याने आमच्या डंगार्व्हन गावच्या धक्क्यावर एक खोली घेतली होती. आमच्या या गावात कोण येऊन राहतं, असं मी म्हणाले, तर म्हणाला, "इथे ओहोटी फार छान लागते." त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आणि गुरुवारी त्याला दुकानात काही ना काही घ्यायचं असायचं. एकदा छत्री, एकदा लोकरीची टोपी, एकदा तर बाळाची झबली.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"गिटारसाठी," तो गंभीरपणे म्हणाला. "तिला थंडी वाजते."

येताना बेकरीतले ऊन ऊन पाव आणायचा. नेसा आतला मऊ भाग खायची, कडा तो खायचा. बसण्याआधी तो मला नाही, नेसाला विचारायचा, की कुठे बसू. हे मी पाहिलं होतं. मी सगळंच पाहते; सवयच आहे.

त्याच्या सीडीसुद्धा मी अशाच पाहिल्या. खोक्यात आणखी चार निघाल्या. पहिल्या बँडच्या सीडीवर मागे पाच नावं. दुसऱ्या बँडच्या सीडीवर चार. तिसऱ्याच्या सीडीवर तीन. मग त्याचा एकट्याचा पहिला अल्बम – त्यात फक्त एक ड्रमवाला सोबतीला. दुसऱ्यात तोही नाही. गिटार, पियानो, ड्रम, सगळं फिन्टनच. रात्रभर ताप आलेल्या मुलाचा पारा बघावा तशी मी ती नावं पुन्हा पुन्हा बघत होते. प्रत्येक वेळी माणसं कमी होत गेली होती.

एप्रिलमध्ये एकदा ओहोटीच्या वेळी आम्ही धक्क्यावर बसलो होतो. नेसा चिखलातले पक्षी मोजत होती. मी धीर केला.

"बँडमध्ये भांडणं झाली का रे?"

"एकदाच. व्हॅनमधल्या शेवटच्या सँडविचवरून."

"मग तिन्ही का सोडलेस?"

"मी म्हणायचो, जातो. ते म्हणायचे, बरं." खांदे उडवून तो हसला. "एवढंच असतं गं."

मे महिन्यात पहिल्या बँडचा निरोप आला. पुन्हा एकत्र यायचं, जर्मनी, मग अमेरिका – आठ महिने. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं. चहात चमचा फिरवत त्याने हे असं सांगितलं, जणू हवामानच सांगतोय.

"तुला काय वाटतं, ब्रोना?"

नेसाच्या बापाला पर्थची नोकरी मिळाली, तेव्हा मी 'थांब' म्हणाले होते. रडून म्हणाले होते, नेसाला कडेवर घेऊन म्हणाले होते. तरी तो गेलाच. तेव्हापासून तो शब्द मी तोंडातून काढायचा नाही, असं ठरवून टाकलंय.

"बरं," मी म्हणाले.

त्याचा चमचा थांबला... आणि मी काय बोलून बसले ते मला कळलं.

शनिवारी माझ्या बहिणीच्या – डर्व्हलाच्या – थोरल्या मुलीचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा सोहळा. चर्चमधून सगळे तिच्या घरी आले. फिन्टनही आला, डर्व्हलाने त्याला परस्पर बोलावलं होतं. मागच्या अंगणात हवेने फुगवलेल्या रबरी किल्ल्यावर पोरं उड्या मारत होती. मी सिंकपाशी बशा विसळत खिडकीतून नेसावर नजर ठेवून होते. सँडविच संपली आणि स्वयंपाकघरात गाणी सुरू झाली. आमच्या असम्प्टा मावशीने तिचं नेहमीचं एकवीस कडव्यांचं गाणं गायलं, घोटभर चहा घेतला आणि म्हणाली, "आता हाक फिन्टनला."

तो गिटारशिवाय गायला, अगदी हळू. फ्रीजची घरघर ऐकू येत होती. संपल्यावर मान लववून 'थँक यू' म्हणाला आणि बसला.

सगळे त्याच्याकडेच पाहत राहिले.

"आणि?" असम्प्टा मावशी म्हणाली.

"आणि काय?"

"हाक कुणाला? जो गातो तो पुढच्याला हाक देतो. ज्याला हाक येते त्याला नाही म्हणता येत नाही. तुझ्या आईच्या घरी नव्हतं का हे? तिकीट लावलं की गाणं गायकापाशी संपत असेल रे बाबा, इथे नाही संपत."

तो ओशाळला. लहानपणापासूनचा नियम, पण इतकी वर्षं स्टेजवर काढून विसरला होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ब्रोनाला," तो म्हणाला.

माझे हात ओले होते. मला एकच गाणं आठवलं, नेसाला अंघोळ घालताना म्हणते ते. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात आवाज चिरकला आणि शब्दच गेले... तेव्हा खालच्या सुरात कुणीतरी ते उचललं. कुणी उचललं, ते मान वर न करताही कळलं. दुकानात नेसाच्या तोंडून ऐकून त्याला पाठ झालं होतं.

गाणं संपलं. आता हाक माझी होती.

"फिन्टनला," मी म्हणाले.

"ज्याने दिली त्यालाच परत?" मावशीने भुवया उंचावल्या. "हे कुठलं नवीन?"

"गाण्यासाठी नाही, मावशी." मी ओले हात नुसतेच एकमेकांवर चोळले. मग त्याच्याकडे वळले. "थांब, फिन्टन. जाऊ नकोस... मला आवडणार नाही तू गेलेला."

कुणीतरी कप खाली ठेवला. डर्व्हलाने नवऱ्याचा हात धरला. फिन्टन माझ्याकडे पाहतच राहिला, कान पुन्हा लाल.

"हे मला कधी कुणी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. मग मावशीकडे वळला. "हाकेला नाही म्हणता येत नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"अरे, ऊठ की आता."

पहिल्या बँडमधल्या मित्राला फोन लावत तो अंगणात गेला. मी खिडकीतून पाहत होते. किल्ल्याला फेऱ्या मारत तो बोलत होता, मध्येच फोन कानापासून लांब धरत होता. आत आला तेव्हा मी बशी पुसत होते, तीच, तिसऱ्यांदा.

"खूप शिव्या दिल्या?"

"भरपूर. मग म्हणाला, सगळीकडून पळालास, आता अडकलास कुठे ते तरी सांग."

"मग? काय सांगितलंस?"

त्याने माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि जागेवर ठेवली.

"आधी डंगार्व्हन म्हणालो," तो म्हणाला. "मग नीट सांगितलं – ब्रोनापाशी."