भावाच्या नावाचं गाऱ्हाणं

गंगाराम नारळ आणि विड्यांचं बंडल घेऊन देवचाराच्या स्थळाकडे निघाला, तो रविवार होता. बारा जानेवारी, साल दोन हजार पंचवीस. सकाळची कोवळी उन्हं, काजूला मोहोर. भिण्यासारखं त्यात काही नव्हतं. आठवडाभराने त्याचं कोल्हापूरला ऑपरेशन होतं, आणि आमच्याकडे मोठ्या कामाला निघण्याआधी देवचाराला सांगून जायची रीत आहे.

तुम्ही पुण्यात वाढलेली पोरं, म्हणून सांगतो. देवचार म्हणजे भूत नव्हे. भूत म्हणालात तर तुमची आजी आतून लाटणं घेऊन येईल. तो गावाचा राखणदार. रात्री खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा घालून सीमेवरून फिरतो. चुकलेल्याला वाटेला लावतो. फक्त त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, एवढंच सांभाळायचं.

गंगाराम माझ्या वर्गातला. धामापूरच्या अलीकडे त्याची वाडी. बासष्ट वर्षांचा गडी, माडावर चढायला अजून कोणाची शिडी लागत नाही. पण त्याची मुलगी अनुजा कोल्हापूरला नर्स आहे. तिने बापाचं रक्त सहज तपासून घेतलं आणि त्यात एक आकडा जास्त निघाला. मग पुढच्या तपासण्या. शेवटी कळलं, प्रोस्टेटचा कॅन्सर. लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिच्यात. अगदी सुरुवातीचा, ग्रंथीच्या बाहेर न गेलेला.

"माका दुखणा नाय, खुपणा नाय," गंगाराम म्हणाला. "मगे कापूक कित्या?"

"दुखाक लागला म्हणजे उशीर झालो, बाबा," अनुजा म्हणाली. मग तिने समजावलं. ऑपरेशन रोबो करणार म्हणजे यंत्र आपल्या मनाने कापत सुटणार नाही. डॉक्टर बाजूला बसून त्याचे चार हात चालवतात. पोटावर पाच-सहा बारीक छेद, तीन-चार दिवसांत घरी. लघवीची नळी मात्र आठवडाभर राहील. पुढे काही महिने लघवीवर ताबा कमी राहील, आणि नवराबायकोचंही पहिल्यासारखं राहील असं नाही. हे शेवटचं पोरीने खाली बघून सांगितलं.

तिथेच गंगाराम खचला. पुरुषाची जात अशीच. पोट बिघडलं तर नाक्यावर चार माणसांत सांगेल, पण पोटाच्या खाली काही झालं तर देवालासुद्धा सांगणार नाही.

स्थळावर त्या दिवशी वाडीतली दहा-बारा माणसं जमलेली. गुरवाने नारळ हातात घेतला नि विचारलं, "नाव कोणाचा घालू? दुखणा काय?"

गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडचं मागणं, मोठ्याने घालतात. सगळे ऐकतात, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गंगारामाने माणसांकडे पाहिलं. नि तोंडातून निघालं, "माझ्यासाठी नाय. भावासाठी. हरिश्चंद्रासाठी. तेका मुताच्या पिशवीखाली... प्रोस्टेटचा झाला हा."

हरी त्याचा पाठचा भाऊ. सत्तावन्न वर्षांचा, डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहणारा, धडधाकट. गुरवाने हाक घातली, "बा देवचारा म्हाराजा! ह्या लेकरू हरिश्चंद्र, तेच्या दुखण्याच्या वाटेर तू उभो रव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. गंगारामही म्हणाला.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. रात्री उठायचा, अंगणात यायचा, पाणी प्यायचा, परत आत. बायको सुगंधा विचारायची, "ऑपरेशनाचा भय वाटता?" तो म्हणायचा, "नाय गो." पुन्हा जाऊन खरं सांगावं असं रोज ठरवायचा. पण माणसं काय म्हणतील? गुरव काय म्हणेल? आज नको, उद्या. असे सात उद्या गेले.

मग ती रात्र. रविवार एकोणीस जानेवारी, म्हणजे उजाडता सोमवार. सकाळी आठला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. फोंडाघाट अंधारातच चढायचा होता, म्हणून अडीचला निघायचं ठरलं. नळाची पाइप टाकायला वाडीची वाट खणून ठेवली होती. गाडीवाला कौस्तुभ फोनवर म्हणाला, "काकानू, गाडी खाली येवची नाय. तुम्ही वर डांबरीवर येवा."

सुगंधा घर बंद करत होती. गंगाराम रिपोर्टांची पिशवी घेऊन पुढे निघाला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अमावास्या नव्हती, उगाच सांगणार नाही. अर्ध्याहून मोठा चंद्र डोक्यावर होता. आंब्यांखाली तेवढा काळोख.

गाडी आली नव्हती. तो सीमेच्या धोंड्यापाशी उभा राहिला.

आणि त्याच्या लक्षात आलं, रातकिडे गप्प झालेत.

मग आवाज आला.

कर्र... कर्र...

चामड्याच्या वहाणा. संथ. मागून.

"कौस्तुभ?" त्याने विचारलं.

आवाज जवळ आला. पाठीशी थांबला. ओल्या घोंगडीचा वास आला. मान वळेना.

"दुखणा कोणाचा?"

आवाज मोठा नव्हता. रागाचाही नव्हता. सरकारी माणसाने कागद पुढ्यात घेऊन विचारावं तसा.

आता बघा पोरांनो. तिथे वाडी नव्हती, गुरव नव्हता. लाजायला कोणी म्हणून कोणी नव्हतं. आणि तरी हा मेल्या तोंडाचा माणूस म्हणाला...

"भावाचा."

...

"मगे तेका पोचवतंय."

कर्र... कर्र... कर्र. वहाणा त्याच्या बाजूने पुढे गेल्या. रस्त्यावर कोणी दिसलं नाही. आवाज फक्त. उत्तरेकडे. मुंबईच्या वाटेला.

आणि गंगारामाला हलकं वाटलं.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो लहान पोरासारखा रडला. ओटीपोटातून कोणी काहीतरी काढून नेलं, असं हलकं. दवाखाना नको. नळी नको. काही नको. तो उभा राहिला. आवाज लांब जात होता. दहा पावलं. वीस. त्याला कळत होतं, काय चाललंय ते. कोणाकडे चाललंय तेही.

तीस पावलं.

तो गप्प राहिला.

मग त्याला हरीचं तोंड दिसलं. मोठेपणीचं नाही. लहानपणी ताप आला की दादाचा सदरा घट्ट धरून झोपायचा, तेव्हाचं.

"माझा!" तो ओरडला. "दुखणा माझा! गंगारामाचा! हरीक सोड! म्हाराजा, माका दी माझा!"

पाय उचलेनात. तो उभ्या जागी ओरडत राहिला. रोगाचं नाव घेऊन, जागेचं नाव घेऊन. ज्या शब्दासाठी आठ दिवस मेला, तो शब्द साऱ्या रानाला ऐकवला.

वहाणा थांबल्या.

मग ओटीपोटात हळूच जडपणा भरला. रातकिडे सुरू झाले. मागून सुगंधा धापा टाकत आली. "कोणावर ओरडतास? अख्खी वाडी उठली मा!"

"उठांदे," तो म्हणाला. "माका कॅन्सर झालो हा. सगळ्यांका सांग."

मंगळवारी ऑपरेशन झालं. भूल द्यायच्या आधी तो नर्सला म्हणाला, "मनगटावरच्या पट्टीवर नाव काय आहे, वाचा." तिने वाचलं, "गंगाराम." "पुन्हा वाचा." असं तीनदा. वर प्लास्टिक गुंडाळलेले ते चार हात थांबलेले होते, पण त्याला त्यांची भीती वाटली नाही. काम चांगलं झालं. पुढे रिपोर्टही आला, गाठ आतच होती, सगळी निघाली. आज तो हिंडतो फिरतो. लघवीचा ताबा चार महिन्यांनी आला, हेही तो आता सगळ्यांना सांगतो, नको म्हटलं तरी सांगतो.

पण गुरुवारी हरी त्याला बघायला कोल्हापूरला आला. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावांनी तपासून घ्यावं, हा आजार घराण्यात असू शकतो. गंगाराम त्याच्या मागेच लागला. हरीनेही रक्त तपासून घेतलं. आकडा काठावर आला. कापण्याइतका नाही, सोडून देण्याइतकाही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं म्हणाले. आजही तेच चाललंय. हरीची तपासणी जवळ आली की गंगाराम रात्र रात्र ओटीवर येरझाऱ्या घालतो.

त्या भेटीत हरी हसत हसत एक सांगून गेला. "दादा, सोमवारी पहाटे आमच्या वॉचमनान सोसायटी डोक्यार घेतल्यान. जिन्यात कोणी तांबड्या मातीचे पाय उमटवले म्हणून. आपल्या गावासारखी माती रे! खालपासून चौथ्या माळ्यापर्यंत. चढतानाचे तेवढे. उतरतानाचे नाय."

गंगारामाने विचारलं, "किती वाजता?"

"सव्वादोनाक तो राऊंडाक गेलो, तेव्हा ओले होते."

गेल्या मे महिन्यात मी डोंबिवलीला लग्नाला गेलो होतो, तेव्हा हरीच्या घरी जाऊन आलो. मी स्वतः पाहिलं. वहाणेचा ठसा, दाराच्या बरोबर खाली. त्या रात्री दाराला आतून कडी होती, हरीची बायको शपथेवर सांगते. तरी अर्धा ठसा बाहेर होता आणि अर्धा आत. फिनेल झालं, अॅसिड झालं. बाहेरचा, टाचेचा अर्धा धुऊन गेला.

आतला अजून आहे.