दुपारचा तळहात

बासष्ट साली बेंगळुरात आम्ही ताऱ्यांची ऊब मोजायचं यंत्र बनवत होतो. ताऱ्याचे न दिसणारे उष्ण किरण नखाएवढ्या एका कणीवर पडायचे, आणि तिच्यातली विजेची क्षीण चाहूल वाढवून पेनानं कागदावर उमटवायचं काम माझं. माझी बायको विमला म्हणायची, "आधी चुलीवरचा तवा तापला का ते सांगा."

कणी चालते का हे पाहायची आमची रीत सोपी होती. सुक्या बर्फानं ती गार करायची आणि समोर तळहात धरायचा, की पेन वर चढे. दुपारी विमला डबा घेऊन आली की हात तिचाच. तिचे हात कायम गार, त्यामुळे रेघ सगळ्यांत बुटकी. माझा जोडीदार हयवदन चिडवायचा, "अक्का, स्वल्प कॉफी पिऊन या."

पहिल्या बाळंतपणात विमला गेली. मुलगा होता. तो रडलाच नाही.

काही दिवसांनी मी कामावर आलो. काळे पडदे ओढलेल्या खोलीत दुपारी एकटाच होतो. तारा जोडायच्या डागकामातल्या राळेचा वास होता, आणि त्यात कुठूनसा विमलेच्या डब्यातल्या आंबटगोड गोज्जूचा. कणीसमोर कोणी नसताना पेन चढलं आणि त्या बुटक्या उंचीवर थांबलं. मी ओळखलं. मग ते खाली आलं, आणि पुन्हा जेमतेम वर सरकलं... सुपारीएवढं.

रोज दुपारी तेच होऊ लागलं. आमचे साहेब सुब्बाराव म्हणाले, दोष निघाल्याशिवाय यंत्र डोंगरावरच्या वेधशाळेत जाणार नाही, आणि हिवाळ्याचं स्वच्छ आकाश हुकलं तर सगळं मुसळ केरात. मला मात्र यंत्र हलायलाच नको होतं. हयवदननं तारा बदलल्या, इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून तांब्याचं झाकण करून आणलं, कणीवर घट्ट बसवलं. झाकणाआडूनही पेन चढलं.

त्यानं कागदावरच्या बुटक्या रेघेवर बोट ठेवलं. "अण्णा... अक्कांचा हात ना हा?"

मी मान हलवली.

"त्यांना असं दारात ताटकळत ठेवू नका."

त्याला बाहेर पाठवून मी कणीपुढे वाकलो. "विमला, लेकराला घेऊन जा आता. इथं बर्फ आहे... त्याला गारठा बाधेल." एवढं बोललो आणि पोटभर रडलो. दुसऱ्या दिवशी पेन हललं नाही. यंत्र डोंगरावर गेलं.

देखभालीसाठी मी दर वर्षी डोंगरावर जातो. दुपारी घुमट बंद असतो, कणीवर झाकण असतं. ती बुटकी रेघ पुन्हा कधी आली नाही. विमलेनं माझं ऐकलं. सुपारीएवढी मात्र येते. तिलाही मी जा म्हणून सांगतो. पण त्या पोरानं माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता, त्याला काय कळणार कोण बोलतंय.

यंदा ती रेघ गेल्या वर्षीपेक्षा उंच होती.