काळी रेघ, करडी रेघ

“आई, त्या डबीवरचं अक्षर मुंगीएवढं आहे. मोठं लिही की!” असं अनुजानं सोमवारीच सांगितलं होतं. “तू तुझी चित्रं काढ,” म्हणत संयोगितानं ते उडवून लावलं होतं.

आज शुक्रवार. मे महिन्याची सुट्टी. गडमुडशिंगीच्या घरी लक्ष ठेवायला कुणी नाही, म्हणून अनुजा, तिचा धाकटा भाऊ सम्राट आणि शेजारची प्रीती कोल्हापूरच्या कॉलेजात आईच्या प्रयोगशाळेत आली होती. आणि आई नुसती वैतागली होती!

“पुन्हा घसरलं! औषध घातलेलंच नाही, तरी घसरलं!”

“काय घसरलं, काकू?” प्रीतीनं विचारलं.

“आलेखाचं शिखर गं! ही पेन-पेन्सिलीतली लेड. हिच्या टोकावर मी डीएनए चिकटवते. वीज दिली की पडद्यावर शिखर उठतं. विषाणूवरचं औषध डीएनएला बिलगलं की शिखर खुजं होतं. पण औषधाशिवाय ते दर वेळी सारखंच यायला हवं ना! पाचपर्यंत नाही आलं, तर आमचे विभागप्रमुख सर हे यंत्र दुसऱ्यांना देणार. वर्षभराचं काम पाण्यात! सम्राट, हात मागे! मागे म्हटलं ना!”

“मी फक्त बघतोय!”

“तुझं बघणंच महागात पडतं!”

अनुजानं मात्र आईनं टाकून दिलेल्या लेड उचलल्या आणि उलट्या टोकांनी वहीवर रेघा ओढल्या. काळी. काळी. करडी. काळी. करडी!

“आई, ह्या एका जातीच्या नाहीतच! काळी मऊ आहे, करडी कडक!”

संयोगितानं वही ओढून घेतली. “वेगळी लेड, म्हणून वेगळं शिखर! पण मी तर एकच जात आणते. दुसरी घातली कुणी? डबी तर रात्री स्टोअरमध्येच असते!”

तिघं डबी घेऊन धावली. स्टोअरच्या खिडकीत, प्रयोगशाळेचं सामान सांभाळणारे बाळासोमामा रजिस्टर लिहीत होते. पेन-पेन्सिलीनं! सोमवारपर्यंतची अक्षरं करडी, मंगळवारपासूनची काळी.

“मामा, आईच्या डबीतल्या लेड तुम्ही घेतल्या?”

“व्हय! माझ्या सपल्याल्या. दुसऱ्या दिवशी दुकानातनं आणून तितक्याच ठिवल्या की! चोर वाटलो व्हय तुमास्नी?”

“पण डबीवर ‘हात लावू नका’ लिहिलंय!” सम्राटनं डबी पुढे केली.

मामांनी ती हातभर लांब धरली. मग आणखी लांब. “कुठं लिवलंय? नुसती रेघ दिसतीय.”

मागून आलेली संयोगिता पुढे झाली. “मामा, मग ॲसिडच्या बाटल्यांवरची नावं कशी वाचता?”

“जागा पाठ हाय की!” मामांचा आवाज खाली आला. “कामावरनं काढतील म्हणून बोललो न्हाय, बाई.”

“अहो, एखाद्यानं बाटली हलवली असती तर? कमाल आहे तुमची! उद्या सकाळी चष्मा. मी स्वतः नेते!”

मग मुलांनी प्रत्येक लेडचं उलटं टोक कागदावर ओढून पाहिलं आणि करड्या बाजूला काढल्या. पावणेपाचला पडद्यावर शिखरं उठली. एक, दोन, तीन, चार. सगळी एका उंचीची!

“पोरांनी आमच्या डोळ्यांत अंजन घातलं,” सगळं ऐकून सर म्हणाले. “यंत्र इथंच राहील. आणि बाळासोही!”

संयोगितानं डबीवर ठळक, मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नका’ लिहिलं. अनुजाकडे न बघता.

आता तुमचं काम. तुमच्या घरात कुणी पेपर हात लांब करून वाचतं? “मला सगळं दिसतंय” म्हणून खेकसतं? आजच त्यांच्या हातात औषधाची पट्टी द्या आणि नाव वाचायला सांगा. हसू मात्र नका हं!