कांडीचे वरचे टोक

पार्सल गुरुवारी आले आणि वाल्दुरने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एखाद्या आजाऱ्याला निजवावे तसे, हलक्या हाताने ठेवले. आत काळ्या लवचीक कांड्या होत्या. एकेक मीटरच्या, आठ. प्रत्येकीच्या एका टोकाला पितळी आटे, दुसऱ्या टोकाला ते आटे बसतील अशी पितळी बोंडी. शिवाय नायलॉनच्या जाड दोऱ्यांचा एक गोंडा. गोंडा पहिल्या कांडीला लावायचा, कांडीचे खालचे टोक ड्रिलमध्ये बसवायचे, धुराड्यात सारायचे, आणि खालून एकेक कांडी जोडत वर जायचे. गोंडा आत गरगर फिरतो आणि काजळी झोडपून काढतो. छपरावर चढायचे कारण नाही. माहितीपत्रक त्याने तीनदा वाचले. त्यात एकच वाक्य जाड अक्षरांत होते : ड्रिल कायम उजवीकडेच फिरवा. त्याने त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, आणि मग आपल्याला रेघ मारावी लागते याचीच त्याला काळजी वाटू लागली.

वाल्दुर त्र्याहत्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षे त्याने तार्तू शहरातल्या विद्यापीठात शेवाळे शिकवली होती. सालीवरचे चिमूटभर शेवाळ पाहून तो जंगलाचे वय सांगे. पण घरातली भट्टी पेटवली ती नेहमी त्याच्या बायकोने, साल्मेने. घरही तिच्याच माहेरचे. तिचे आजोबा योसेप हे पंचक्रोशीतले भट्ट्या बांधणारे गवंडी. ही भट्टी, तिच्यामागची उबेची भिंत आणि वरचे धुराडे त्यांनीच रचलेले. भट्टीचा धूर या भिंतीतल्या नागमोडी वाटांनी फिरून मग वर जाई आणि भिंत दोन्ही बाजूंच्या खोल्या तापवी. लग्न ठरवायला वाल्दुर पहिल्यांदा या घरी आला, तेव्हा योसेप आजोबांनी त्याचा पंजा उलटा करून पाहिला होता आणि भर जेवणात म्हणाले होते, “हा हात पानं उलटायचा. याच्यानं विस्तव पेटायचा नाही.” सगळे हसले होते. वाल्दुरही हसला होता. पन्नास वर्षे झाली, पण ते वाक्य काही त्याच्या हातावरून पुसले गेले नव्हते.

सप्टेंबरात साल्मे स्नानघराच्या पायरीवरून घसरली. खुब्याचे हाड मोडले, मग फुप्फुसांत पाणी झाले. आता ती शनिवारी दुपारी इस्पितळातून घरी यायची होती, पण एका अटीवर. डॉक्टरांनी साफ सांगितले होते : घर रात्रंदिवस उबदार हवे. नसेल तर गाडी परस्पर शहरातल्या वृद्धांच्या आश्रमात जाईल. आणि तिथून परत आलेले माणूस त्या दोघांच्याही पाहण्यात नव्हते.

घरात अकरा अंश होते. वसंतात करड्या मानेच्या कावळ्यांनी धुराड्यात घरटे केले होते. ऑक्टोबरात पहिला जाळ केला तेव्हा सगळा धूर खोलीत परतला. तेव्हापासून वाल्दुर विजेच्या छोट्या हीटरपुढे कोट घालून झोपत होता आणि फोनवर बायकोला सगळे ठीक असल्याचे सांगत होता. परवानाधारक धुराडेवाल्याने जानेवारीतली तारीख दिली होती.

शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास तो अंगणात कांड्या पुसत होता. धुके इतके दाट की कुंपणापलीकडचे सफरचंदाचे झाडही दिसत नव्हते. तेवढ्यात धुक्यातून शेजारी एंडेलचा आवाज आला.

“काय प्रोफेसर, मासे धरायला निघालास?”

“धुराडं साफ करतोय.”

एंडेल कुंपणाशी आला. ऐंशीचा, पण अजून स्वतः ट्रॅक्टर चालवणारा. त्याने ड्रिल पाहिले आणि त्याच्या तोंडावरचे हसू ओसरले.

“हे फिरवणार? आज?”

“मग कधी? साल्मे उद्या येतेय.”

“अरे, नोव्हेंबर आहे. पितरांचे दिवस. या दिवसांत आमची आई चरखा उचलून माळ्यावर ठेवायची. लाकूडसुद्धा फोडू द्यायची नाही. ते येतात, घर बघतात, जातात. गप्प बसायचं असतं आपण. आणि तू त्यांच्या वाटेत विजेवर गरगर फिरवणार?”

“त्यांची वाट धुराड्यातून आहे, हे कोणी सांगितलं?”

“दार तर तू कधी कोणाला उघडत नाहीस,” एंडेल म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर न हसता धुक्यात परत गेला.

वाल्दुरने भट्टीपुढे जुनी चादर अंथरली, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला फडके बांधले. धुराड्याच्या पायथ्याशी, गुडघ्याच्या उंचीवर, काजळी काढायचे लोखंडी दार होते. ते कुरकुरत उघडले. आतून गार, ओलसर, कडवट वास आला. जुन्या धुराचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. ओल्या लोकरीचा म्हणावा तसा.

पहिल्या चार कांड्या सहज गेल्या. ड्रिल घरघरत होते, वर गोंडा फटफटत होता, आणि दारातून काळी भुकटी भसाभस खाली येत होती. वाल्दुरला मौज वाटू लागली. पाचवी कांडी. सहावी. योसेप आजोबा, बघा म्हणावे, पाने उलटणारा हात! आणि तिथेच गोंडा अडला.

घरटे. त्याने जोर दिला. कांड्या धनुष्यासारख्या वाकल्या, ड्रिल हातात पिळवटले. घाबरून त्याने बोट सोडले, पुन्हा दाबले, जरा मागे घेऊन सोडवावे म्हणून चाचपडला, आणि अंगठ्याखालची कळ डावीकडे सरकली. ड्रिल उलटे फिरले. तीन-चार सेकंदच. वर कुठेतरी पितळेचा बारीक ‘टक्’ असा आवाज झाला आणि त्याच्या हातातले वजन एकदम हलके झाले.

त्याने कांड्या खाली ओढल्या. तीन कांड्या आल्या. तीन आणि गोंडा वर राहिले होते.

तो जमिनीवर बसला. धुराडे आता घरट्याने आणि त्याच्या स्वतःच्या अकलेने, असे दोन्हींनी बुजले होते. खाली आलेल्या तीन कांड्या पुन्हा वर सारता येतील, हे खरे. पण आटे जुळवायचे कसे? खालची कांडी फिरवली की वरचीही तिच्याबरोबर फिरणार. एका माणसाने खालून फिरवायचे तर दुसऱ्याने वरून घट्ट धरायला हवे. ही साधी गोष्ट होती. शेवाळाच्या अभ्यासकालाही कळावी इतकी साधी.

फोन वाजला. साल्मे.

“काय रे, तापली का भिंत?”

“तापतेय.”

“कोट घालून बोलतोयस तू.”

“नाही गं...”

“म्हाताऱ्या, बावन्न वर्षं ऐकतेय मी तुला. फोन भिंतीला लाव बघू. चांगली पेटली की ती गुणगुणते. ऐकू दे मला.”

वाल्दुरने थंडगार भिंतीकडे पाहिले. “बॅटरी संपत आलीय फोनची,” तो म्हणाला.

 ती हळूच म्हणाली, “इथे एक बाई आहे शेजारच्या खाटेवर. तिला उद्याच आश्रमात नेणार आहेत. तिला विचारलंच नाही कोणी, घर गरम आहे का म्हणून.” आणि फोन ठेवला.

तीन वाजत आले होते. खिडकीतला उजेड राखेच्या रंगाचा झाला होता. वाल्दुरने त्या तीन कांड्या एकमेकींत घट्ट पिळल्या आणि ड्रिल बाजूला ठेवून हातांनीच वर सारल्या. त्यांचे पितळी टोक वरच्या विटांना घासत, ठेचकाळत, कशावर तरी टेकले. तो फिरवू लागला. अपेक्षेप्रमाणे वरचेही फिरले. वर नुसती सुळसुळ. एकदा, दोनदा, वीसदा. हात दुखून आले. फडक्याआड श्वास ओला झाला. त्याने कपाळ विटांना टेकले.

“आजोबा...” तो पुटपुटला, आणि स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या माणसाला अशी हाक मारणे त्याने जन्मात केले नव्हते. “आजोबा, तुमची नात यायचीय... जरा धरा ना.”

काही झाले नाही. दारातून मूठभर काजळी सांडली, आणि मग सांडायची थांबली. घरात इतकी शांतता झाली की हीटरमधली तार तडकल्याचा आवाज आला.

त्याने कांडी फिरवली. या वेळी वर सुळसुळ झाली नाही.

वरचे टोक स्थिर होते. अडकलेल्या वस्तूसारखे नव्हे. अडकलेली वस्तू कडक असते. हे जिवंत होते, जरासे मऊ, जरासे थरथरते, आपण दोर धरावा आणि दुसऱ्या टोकाला कोणी तो हातात धरून उभे असावे तसे.  हात सोडून पळावे असे वाल्दुरला वाटले. पण सोडले तर वरचाही सोडील.

“धरलंय...?” त्याने विचारले.

कांडीतून, तळव्यांना जाणवेल असा, एक हलका झटका आला. खालच्या दिशेने. जणू म्हणत होता, चल, फिरव.

त्याने फिरवले. पहिला आटा धरला. दुसरा. तो मोजत होता आणि हात चुकत नव्हते. सहाव्या वळणाला पितळेला पितळ भिडले. तो थांबला. तेव्हा वरून कोणीतरी अर्धे वळण आणखी दिले. घट्ट. काम जाणणाऱ्या माणसाने शेवटी द्यावे तसे.

वाल्दुरने उरलेल्या दोन कांड्या जोडल्या, ड्रिल लावले, कळ दोनदा पाहिली. उजवीकडे. डोळे मिटून त्याने बोट दाबले.

आतून गडगडाट झाला. काटक्या, पिसे, मातीची ढेकळे, पाखरांनी कुठून कुठून चोरून आणलेल्या चिंध्या, एक चमचा, असा ढिगारा दारातून त्याच्या मांडीवर कोसळला. खोली काळी झाली. आणि त्या काळोखात एक गोष्ट घडली, जी वाल्दुर पुढे मरेपर्यंत सांगत राहिला. जमिनीवरची चादर हलली. तिचा कोपरा उचलला गेला, सरपटत काजळीच्या दाराशी आला आणि आत ओढला गेला. धुराडे श्वास घेत होते.

कांड्या खाली आल्या. आठच्या आठ आणि गोंडाही. काजळीचे दार लावून त्याने भट्टीत बर्च झाडाची साल ठेवली, वर सरपण रचले, काडी ओढली. ज्योत जरा घुटमळली, मग वाकली आणि आतल्या बाजूला झेपावली. थोड्याच वेळात भट्टी घोंघावू लागली. वाल्दुर कोट न घालताच बाहेर धावला. धुके विरले होते आणि छपरावर धूर उभा होता, सरळ, पांढरा, जाड, राजाच्या भाल्यासारखा. तो अंगणात उभा राहून ओरडला. काय ओरडला ते त्यालाही ठाऊक नाही.

कुंपणापलीकडे एंडेल टोपी काढून उभा होता.

“पेटली की रे!” एंडेल म्हणाला.

“मी पेटवली!” वाल्दुर ओरडला. “या हातांनी!”

“तोंड बघ जाऊन आधी. सैतान तुला बघून बाजूला होईल.” एंडेल हसत होता आणि नाक पुसत होता.

संध्याकाळी त्याने साल्मेला फोन लावला, एक शब्द न बोलता तो भिंतीला टेकवला आणि पाच मिनिटे तसाच धरून ठेवला. पुन्हा कानाला लावला तेव्हा ती रडत होती. “बावळट,” एवढेच म्हणाली.

शनिवारी बाराला गाडी आली. घरात बावीस अंश होते. बरोबर आलेल्या नर्सने तापमापकाकडे पाहिले, मग अजून कानात काजळी असलेल्या वाल्दुरकडे पाहिले आणि कागदावर सही केली. साल्मेला भिंतीपाशी खुर्चीत बसवले, पाठ टेकवून. तिने डोळे मिटले. तिच्या गालांवर दोन महिन्यांनी रंग आला.

“आजोबांनी बघायला हवं होतं,” ती म्हणाली.

 ती बोलता बोलता झोपली. तिचा श्वास संथ होता, भिंत गुणगुणत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाल्दुरला आपण काही चुकलो नाही असे वाटले.

मग, सवयीने, त्याला काळजी वाटली. भिंतीची दुसरी बाजू मागच्या खोलीत होती. तिकडे एखाद्या फटीतून धूर तर येत नसेल? तो दार ढकलून आत गेला.

धूर नव्हता. खोली उबदार होती, आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. ही बाजू त्याने उन्हाळ्यात स्वतः चुन्याने रंगवली होती आणि तेव्हापासून इथे कोणी फिरकले नव्हते. चुना पुसला गेला होता. एका जागी नाही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीने, पाठी टेकून उभे राहिल्यावर कपड्यांना लागून निघावा तसा. रुंद खांद्यांची एक पाठ, बरीच उंच. तिच्याजवळ एक अरुंद, वाकलेली. मग दोन मध्यम. एक अगदी बुटकी, कमरेइतकीच. खांद्याला खांदा लावून, दाटीने.

फक्त मधोमध, उंच पाठीला लागून, एका माणसाच्या रुंदीचा चुना तसाच पांढरा होता. तेवढी जागा सोडलेली होती.

ती जागा कोणाच्या खांद्याइतकी उंच आहे, हे वाल्दुरने पाहिले नाही. सगळ्या गोष्टी मोजणारा तो माणूस, पण तेवढे त्याने मोजले नाही. तो मागे वळला, दार ओढून घेतले, झोपलेल्या साल्मेच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि भट्टीत आणखी एक ओंडका सारला.

“अजून नाही,” तो भिंतीला म्हणाला.

गुणगुण क्षणभर थांबली.