उलट्या प्रहराची टोपली

चेन्सू नेपल्सला आला तो एका साध्या कामासाठी. नुन्झिया मावशीला माल्टाला घेऊन यायचं, एवढंच. ती काही त्याची रक्ताची मावशी नव्हे. तिचा नवरा गाएतानो जहाजावर आचारी होता. माल्टाला जहाज लागलं की तो तिथल्या सेंग्लेआ गावच्या चढावर चेन्सूच्या वडिलांच्या बेकरीत पाव घ्यायला यायचा. पाव घेता घेता दोस्ती झाली आणि दोस्तीतून घरोबा. आता गाएतानो नव्हता, चेन्सूचे वडीलही नव्हते. आईनं ठरवलं होतं, दोघींनी एकेकट्यानं राहण्यापेक्षा एका छपराखाली राहू.

"ती हट्टी आहे. नाही म्हणेल," आईनं बजावलं होतं.

"बघतोच कशी नाही म्हणते," चेन्सू म्हणाला होता. बावीस वर्षांचा गडी, कणीक मळून दंड भरलेले. आपण हातात घेतलेलं काम होतंच, अशी त्याची खात्री होती.

मावशी टेकडीच्या पायथ्याशी एका चिंचोळ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या माणसाला हात लांबवून मीठ देता यावं. पहिल्या दिवशी मावशीनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं, गालाचा चिमटा घेतला आणि म्हणाली, "बापासारखाच दिसतोस. नाक तेवढं आईचं, ते काय करणार." मग त्याला जेवायला वाढता वाढता तिनं एकच नियम सांगितला.

"सकाळी कुठंही भटक. संध्याकाळीही भटक. पण जेवणं झाली की घरात यायचं, खिडकी लावायची आणि आडवं व्हायचं. उन्हं कलेपर्यंत गल्लीत पाऊल टाकायचं नाही."

तिथले लोक त्या वेळेला उलटा प्रहर म्हणतात. बाहेर टळटळीत ऊन, आणि माणसं मात्र रात्र असल्यासारखी दारं लावून पडलेली. चेन्सूला त्यात काही नवल वाटलं नाही. माल्टालाही दुपारी कुत्रं रस्त्यावर दिसत नाही.

सकाळी तो शहर बघत फिरायचा. एवढं मोठं शहर त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण घाबरणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मासळीबाजारातून बंदरावर, बंदरावरून वर जिन्याजिन्यांच्या वाटांनी टेकडीवर. रस्ता चुकला की तो कुणाला विचारायचा नाही, नुसता वास घ्यायचा. भट्टीचा वास आला की त्या दिशेला जायचं. बेकरीवाला काय, कुठलाही असो, तो आपलाच. चौथ्या दिवशी अशाच एका बेकरीत तो गप्पा मारत रमला. तिथल्या म्हाताऱ्यानं त्याला कणकेला हात लावू दिला आणि निघताना गरम पाव बगलेत दिला.

तो गल्लीत शिरला तेव्हा उलटा प्रहर सुरू झाला होता.

सगळ्या खिडक्या बंद. वाळत घातलेले कपडेसुद्धा आत ओढून घेतलेले. तळणीच्या तेलाचा शिळा वास, आणि त्याच्या खाली ओल्या दगडाचा, विहिरीतून यावा तसा वास. त्याच्या स्वतःच्या पावलांचा आवाज भिंतींवर आपटून मागून येत होता. मावशीच्या दाराशी तो पोहोचला आणि वर कुठंतरी कप्पी कुरकुरली.

पाचव्या मजल्यावरून एक टोपली खाली येत होती. दोर हळूहळू सुटत होता, म्हातारं माणूस सोडतं तसा, थांबून थांबून. टोपली त्याच्या छातीशी येऊन थांबली. रिकामी.

"पाव…" वरून बाईचा आवाज आला. अगदी हलका.

चेन्सूला यात वावगं काय वाटावं? सेंग्लेआला त्याचं आयुष्य याच कामात गेलं होतं. सकाळी तो गाडी घेऊन निघे, वरून टोपल्या उतरत, तो पाव घाले आणि दोर दोनदा ओढून 'घ्या वर' म्हणे. रिकामी टोपली परत पाठवायची नाही, ही वडिलांची शिस्त. त्यानं बगलेतला पाव टोपलीत ठेवला आणि दोर दोनदा ओढला. टोपली भराभर वर गेली. उतरताना इतकी सावकाश आणि जाताना एवढी घाई, एवढंच त्याला जरा गमतीचं वाटलं.

ऊन कलल्यावर मावशीनं कॉफी केली. ती नेहमी कपावर बशी झाकून आणायची. चेन्सू सहज म्हणाला, "वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंना आज पाव दिला, मावशी. तोंडानं आभार मानायची पद्धत नाही वाटतं तुमच्याकडे."

बशी कपावर किणकिणली.

"थट्टा करतोयस?"

"थट्टा कसली? अख्खा पाव दिला."

मावशी खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "वर कुणी राहत नाही, बाळा. माझ्या लग्नाआधीपासून कुलूप आहे."

वर पूर्वी राकेले नावाची म्हातारी राहायची. पाय गेलेले. ती टोपली हेच तिचे पाय. एका ऑगस्टात सणाला सगळी गल्ली समुद्रावर गेली. ज्याला त्याला वाटलं, दुसरं कुणीतरी मागं असेल. लोक परतले तेव्हा टोपली खालीच लोंबकळत होती, रिकामी, आणि राकेलेच्या मुठीत दोर तसाच होता.

"त्यानंतर टोपली रोज यायला लागली. उलट्या प्रहरी. लोक खिडक्या लावून घ्यायचे. पण कसायाची बायको कोंचेत्ता मनानं फार मऊ होती. तिनं एकदा त्यात मटणाचा तुकडा घातला." मावशीनं छातीवर क्रूस काढला. "दुसऱ्या दिवशी टोपली तिच्याच खिडकीशी थांबली. वरून विचारलं, कुणी दिलं? ती म्हणाली, मी. तेव्हा आम्ही समोरच्या घरात राहायचो, तिथून ऐकलं. त्यानंतर कोंचेत्ताला कुणी पाहिलं नाही… आवाज मात्र ऐकला. राकेलेचा आवाज आता येत नाही. येतो तो कोंचेत्ताचा."

चेन्सू हसला. हसू जरा लांबलं. "टोपलीच आहे ना मावशी, मगर तर नाही. असं करू, उद्या संध्याकाळच्या जहाजानं तू नि मी निघू. गल्लीच नको आणि टोपलीही नको."

त्याला वाटलं होतं, ती वाद घालेल. ती लगेच उठली आणि बॅग भरायला लागली.

पण जहाज संध्याकाळचं होतं, आणि मध्ये दुपार होती.

दुसऱ्या दिवशी दोघं खिडक्या लावून मधल्या खोलीत बसले. फटींतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. मावशीची जपमाळ सरकत होती, बाकी आवाज नाही. मग कप्पी कुरकुरली. वेताची करकर वरून खाली येऊ लागली, चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर… आणि थांबली.

ठक.

टोपली खिडकीच्या लाकडाला लागली. झुलली. पुन्हा ठक.

"कुणी दिला…?"

आवाजात राग नव्हता. उलट कौतुक होतं. चांगलं काम केलेल्या पोराला जवळ बोलवावं, तसं. चेन्सूला पुढे कित्येक महिने याचंच आश्चर्य वाटत राहिलं, की त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. आपण दिला, ते सांगावं, असंच आतून वाटलं. त्यानं तोंड उघडलं.

मावशीनं झेप घेऊन त्याच्या तोंडावर तळवा दाबला. हाडकुळा हात, पण लोखंडासारखा.

"मी दिला, कोंचेत्ता," ती खिडकीकडे बघून म्हणाली. "या घरातून आला तो. मी दिला."

बाहेर शांत झालं. मग टोपली वर जाऊ लागली. सावकाश.

मावशीनं हात काढला आणि एकदम हसली. "झालं! बघ, जुनी शेजारीण आहे, ऐकते माझं. आता कॉफी टाकते. तू बॅग घेऊन खाली हो, कोपऱ्यावर गाडी उभी असते ती आण. मी खिडक्यांच्या कड्या बघून येते."

"एकदमच जाऊ की."

"मेल्या, बाईमाणसाला घर सोडताना घटकाभर एकटं राहू द्यावं, एवढं कळत नाही? जा!"

तो गेला. गाडी आणली. खाली थांबला. समोरच चिरो चांभार दुकान उघडत होता. त्यानं बॅगेकडे पाहिलं. "काय बेकरीवाले, म्हातारीला पळवून नेताय?"

"नेतोय तर!" चेन्सू म्हणाला.

मावशी खाली आली नाही.

वर दार उघडं होतं. शेगडीवर कॉफी उकळून उतू गेली होती. टेबलावर दोन कप, एकावर बशी. खिडकी सताड उघडी. चेन्सू पाचव्या मजल्यावर धावला. कुलूप गंजलेलं, दारावर कोळ्याचं जाळं अखंड. पोलिसांनी ते फोडलं तेव्हा आत फक्त एक पलंग होता आणि जमिनीवर धूळ, त्यावर कुणाचंही पाऊल नाही.

चेन्सू महिनाभर शोधत राहिला. मग एकटाच परत गेला. बंदरावर आई उभी होती. त्याच्या मागे कुणी उतरतंय का, एवढंच ती बघत राहिली.

वर्षभर तो पाव घालत राहिला, टोपल्या भरत राहिला, आणि विचार करत राहिला. हिशेब त्याला साधा वाटत होता. पाव आपण दिला. नाव मावशीनं घेतलं. म्हणजे खोटं नाव लागलंय. खरं नाव सांगितलं की तिला सोडावंच लागेल. आणि आपल्याला? आपण त्याच संध्याकाळी जहाजावर चढायचं. दुसऱ्या दिवशी उलट्या प्रहरी आपण भर समुद्रात, उघड्या डेकवर. तिथं खिडकी नाही, भिंत नाही, वरचा मजला नाही. टोपली सोडणार कुठून?

आईला त्यानं नुसतं सांगितलं, "मावशीला आणायला जातो." तिनं स्वतःच्या हातानं पाव भाजून बरोबर दिला.

ऑगस्टातल्या एका दुपारी तो गल्लीत उभा राहिला. कप्पी कुरकुरली. टोपली आली. तिच्या कडीला एक निळा रुमाल बांधलेला होता. गेल्या वर्षी आईनं मावशीसाठी पाठवलेला.

"पाव…"

चेन्सूच्या अंगावर काटा आला. आवाज कोंचेत्ताचा नव्हता. याच आवाजानं त्याच्या नाकाची टिंगल केली होती.

समोरच्या दुकानाची फळी बोटभर सरकली. "घालू नकोस रे…" चिरो आतून कुजबुजला. "पोरा, आईचा विचार कर…"

"तोच करतोय," चेन्सू म्हणाला. त्यानं पाव टोपलीत ठेवला, दोर दोनदा ओढला, आणि मान वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "मी दिला! चेन्सू, सेंग्लेआचा बेकरीवाला! गेल्या वर्षीही मीच दिला होता. नुन्झियानं नाही!"

दोर जागच्या जागी थांबला. वर कुणीतरी रडल्यासारखा आवाज झाला. मग टोपली वर गेली, भराभर.

संध्याकाळी तो जहाजावर चढला. दुसऱ्या दिवशी दुपारी सिसिलीचा किनारा मागे पडला. डेकवर तो एकटाच होता. खलाशी सावली बघून पडले होते. समुद्र काचेसारखा, वारा नाही, आकाशात ढगाचा ठिपका नाही. चेन्सू डेकच्या बरोबर मध्ये उभा राहिला, डोलकाठीपासून, चिमणीपासून, सगळ्यापासून लांब. वर नुसतं निळं. तो स्वतःशीच हसला.

मग त्याला ओल्या दगडाचा वास आला.

त्यानं वर पाहिलं. खूप उंचावर एक बारीक काळी रेघ होती. ती खाली येत होती. थांबून थांबून.

त्याच वेळी नेपल्सच्या त्या गल्लीत नुन्झिया मावशी जिना उतरून दारात आली. अंगावर वर्षापूर्वीचाच प्रवासाचा पोशाख. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि चिरोला विचारलं, "आमचा पोरगा कुठंय रे? गाडी आणायला गेला होता."

जहाज माल्टाला लागलं तेव्हा खलाशांनी चेन्सूची पिशवी आईच्या हातात दिली. मावशी पुढच्या आठवड्यात आली. तिला आणायचं काम चेन्सूनं पुरं केलं होतं.

दोघी आता सेंग्लेआला एका छपराखाली राहतात. दुपारी गल्ली निजली की मावशी कॉफी करते, कपावर बशी झाकते, शेजारी पावाचा तुकडा ठेवते आणि सगळं खिडकीबाहेर लोंबणाऱ्या टोपलीत ठेवते. घर एकमजली आहे. वर कौलांशिवाय काही नाही. दोर दोनदा ओढला की टोपली वर जाते, आणि थोड्या वेळानं कप रिकामा होऊन येतो.

पण लगेच नाही. आधी वरून आवाज येतो, तरुण, प्रेमळ.

"कुणी दिलं…?"

आणि खिडकीच्या आत दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडावर हात दाबून धरतात, तो आवाज बंद होईपर्यंत.